एक्सएमएलचे टॅग आणि छापलेलं पान : जोडणीचा तक्ता कसा करायचा

माझ्या टेबलावर सध्या इंदूरच्या मराठी घरांतल्या पाककृतींचं पुस्तक आहे. डेमी आकार, शंभरावर कृती, भुट्ट्याच्या किसापासून हिवाळ्यातल्या गराडूपर्यंत. मजकूर एक्सएमएलमध्ये आहे, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि नंतर तो काय आहे ते सांगणारी खूण (टॅग) लावून ठेवलेला. रामबागेतल्या ज्या महिला मंडळाचं हे काम आहे त्यांना छापील पुस्तक तर हवंच, पण मोबाइलवर वाचता येतील अशी पानंही हवीत आणि पुढे हिंदी आवृत्ती काढायची आहे. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं फाइल उघडतात आणि पहिला प्रश्न हमखास तोच विचारतात, "ताई, यात फॉन्ट कुठे लिहिलाय?"

कुठेच नाही. तो तिथे लिहायचाच नसतो. एक्सएमएलमध्ये "हे काय आहे" एवढंच लिहिलेलं असतं: हे कृतीचं नाव, हा जिन्नस, ही टीप. ते दिसावं कसं, हे दुसरीकडे लिहितात. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचे व्यवहार चालतात आणि रात्री त्याच बंद दुकानांपुढे खाण्याचे ठेले लागतात. जागा एकच, मांडण्या दोन. आपल्यालाही एकाच मजकुराच्या दोन-तीन मांडण्या करायच्या असतात, आणि त्यासाठी मधे एक तक्ता लागतो: कुठला टॅग, कुठे आला तर, कुठला नियम. हा लेख त्या तक्त्याबद्दल आहे. सॉफ्टवेअरचं नंतर बघू.

थोडा इतिहास, कारण नावं कानावर पडतातच. एसजीएमएल ही मजकुराला अशा खुणा लावण्याची जुनी पद्धत १९८६ साली आयएसओ ८८७९ या क्रमांकाने प्रमाणित झाली. तिचं सुटसुटीत रूप म्हणजे १० फेब्रुवारी १९९८ चं एक्सएमएल १.०. एका एक्सएमएलचं दुसरं रूप करण्याचे नियम लिहायची भाषा, एक्सएसएलटी, नोव्हेंबर १९९९ मध्ये आली आणि पानाची रचना सांगणारी एक्सएसएल-एफओ ऑक्टोबर २००१ मध्ये. इतकं पुरे.

पहिली पायरी : कागद आणि पेन्सिल

आपण ज्यावर काम करणार आहोत तो नमुना असा. टॅगची नावं देवनागरीत आहेत याचं आश्चर्य वाटू देऊ नका. एक्सएमएलला ती चालतात, फक्त नावाची सुरुवात आकड्याने होता कामा नये.

<कृती>
  <नाव>भुट्ट्याचा कीस</नाव>
  <साहित्य>
    <जिन्नस><प्रमाण>६</प्रमाण><नाव>कोवळे भुट्टे</नाव></जिन्नस>
    <जिन्नस><प्रमाण>१ वाटी</प्रमाण><नाव>दूध</नाव></जिन्नस>
    <जिन्नस><प्रमाण>२ चमचे</प्रमाण><नाव>साजूक तूप</नाव></जिन्नस>
  </साहित्य>
  <क्रिया>
    <पायरी>भुट्टे <भर>किसणीवर</भर> किसा, मिक्सर नको.</पायरी>
    <पायरी>तुपात मोहरी-हिंगाची फोडणी करून कीस <भर>मंद</भर> <भर>आचेवर</भर> परता.</पायरी>
    <पायरी>दूध घालून झाकण ठेवा.</पायरी>
  </क्रिया>
  <टीप>भुट्टे जून असतील तर दूध वाढवावं लागतं.</टीप>
</कृती>

आता एका कृतीचा प्रिंट काढा आणि पेन्सिलीने प्रत्येक तुकड्याभोवती रेघ ओढा. रेघ ओढताना स्वतःला विचारा: हे ठळक का आहे? "ठळक दिसायला हवं म्हणून" हे उत्तर चालत नाही. "हे कृतीचं नाव आहे म्हणून" किंवा "इथे बाई चुकण्याची शक्यता आहे म्हणून" हे चालतं. ज्याला "ठळक" असा टॅग दिला, त्याचं मोबाइलवर किंवा दुसऱ्या आवृत्तीत काय करायचं हे कधीच कळत नाही. याच पुस्तकात मी स्वतः अशी एक चूक केली आहे. ती शेवटी सांगते.

एलिमेंट आणि टॅग यांत फरक आहे. उघडणारा आणि मिटणारा असे दोन टॅग आणि मधला मजकूर मिळून एक एलिमेंट होतो. पण बोलताना सगळे "टॅग"च म्हणतात, मीही म्हणेन.

दुसरी पायरी : मोजदाद

नवशिके ही पायरी गाळतात. फाइलीत कुठले टॅग आहेत, प्रत्येक किती वेळा आलाय आणि कुणाच्या पोटात आलाय, याची यादी काढा. संपादक तोंडी सांगतात ती यादी अर्धी असते. खरी यादी फाइलच देते. चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिता येत असेल तर उत्तम, नाहीतर एक्सएमएल एडिटरमध्ये एक्सपाथने (कुठला टॅग कुणाच्या पोटात, असा पत्ता लिहून शोधायची पद्धत) शोधून मोजा.

यादीत सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते एक-दोनदाच आलेल्या टॅगकडे. आमच्या पुस्तकात <पायरी> सातशेच्या वर होत्या, त्यांचा काही त्रास नाही. पण <उपकृती> फक्त तीनदा होता (पुरणपोळीच्या आत कटाची आमटी, असं), आणि त्याच्या आत पुन्हा <नाव>, <साहित्य>, <क्रिया>. म्हणजे नियम दुसऱ्या थराचेही हवेत. <पायर> असा एक टॅग एकदाच आला होता. तो टायपिंगचा घोटाळा. स्कीमा (कुठले टॅग कुठे चालतील याची नियमावली) असेल तर अशा गोष्टी तपासणीतच पकडल्या जातात, नसेल तर मोजदादीत सापडतात.

अ‍ॅट्रिब्यूटही, म्हणजे उघडणाऱ्या टॅगच्या आतच लिहिलेली माहिती, मोजा. मागे एका कामात अर्ध्या कृती दुसऱ्या माणसाने टाइप केल्या होत्या आणि त्याने प्रमाण असं लिहिलं होतं:

<जिन्नस प्रमाण="१ चमचा">साखर</जिन्नस>

दिसायला चोख. पण एक्सएसएलटी अ‍ॅट्रिब्यूटमधला मजकूर आपणहून पानावर आणत नाही. तो मागून घ्यावा लागतो. माझ्या नियमात तो मागितलेला नव्हता. पहिलं प्रूफ बघून एका काकूंचा फोन आला: "अगं, माझ्या श्रीखंडात साखर आहे, पण किती ते कुठे गेलं?" सगळ्या कृती तपासाव्या लागल्या. तेव्हापासून जे वाचकाने वाचायचं ते टॅगच्या पोटात आणि जे यंत्राने वाचायचं (ओळखक्रमांक, भाषा, फोटोचं फाइलनाव) ते अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, असा माझा दंडक आहे.

तिसरी पायरी : जाती लावणे

यादीतल्या प्रत्येक टॅगला एक जात लावा. नवी ओळ सुरू करणारा म्हणजे परिच्छेदाचा (<पायरी>, <टीप>). ओळीतच राहणारा (<भर>, <प्रमाण>). नुसती पिशवी, म्हणजे स्वतःचा मजकूर नसलेला पण इतरांना धरून ठेवणारा (<साहित्य>, <क्रिया>). आणि पानावर न दिसणारा, म्हणजे टाइप करणाऱ्याची नोंद वगैरे.

पिशव्यांकडे दुर्लक्ष होतं, पण पानाचे बरेचसे नियम त्यांच्यावरच बसतात. साहित्याची यादी दोन पानांत फुटू नये, हा नियम <जिन्नस>ला लावून उपयोग नाही, तो <साहित्य>ला लावायचा. चौकट, पार्श्वभूमीचा रंग, दोन कॉलम, हेसुद्धा पिशवीचे गुण.

चौथी पायरी : तक्ता

आता तक्ता मांडा. एक्सेल चालेल, वहीसुद्धा चालेल. रकाने असे: टॅग आणि तो कुणाच्या पोटात, जात, टाइप, वरची-खालची जागा, पान तुटण्याचे नियम, नियमाने आपणहून घालायचा मजकूर, शेरा. आमच्या पुस्तकातल्या काही ओळी ("१८ पॉइंट २४ वर" म्हणजे अक्षर १८ पॉइंटांचं, ओळीची उंची २४; तिरप्या रेघेआधी पोट, नंतर टॅग):

कृती/नाव : परिच्छेद. ठळक, १८ पॉइंट २४ वर. वर २४, खाली ०. पुढच्या परिच्छेदाला चिकटून. अनुक्रमणिकेत आणि पानाच्या माथ्यावर जातं.
उपकृती/नाव : परिच्छेद. ठळक, १३ वर १६. वर १६. पुढच्याला चिकटून. अनुक्रमणिकेत जात नाही, सूचीत जातं.
साहित्य : पिशवी. फुटू द्यायची नाही. आधी "साहित्य" हा शब्द नियमाने घालायचा.
जिन्नस/प्रमाण : ओळीतला. साधा. नंतर एक जागा नियमाने.
जिन्नस/नाव : ओळीतला. साधा.
पायरी : परिच्छेद. ११ वर १६. आकडा नियमाने. पानाच्या तळाला किंवा माथ्याला एकटी ओळ नको, किमान दोन.
भर : ओळीतला. ठळक.
टीप : परिच्छेद. १० वर १६, डावीकडून १२ आत. आधी "टीप :" नियमाने.

<नाव> तीन वेळा आलंय ते बघा. टॅग एक, पण कृतीच्या पोटात तो मोठा मथळा, उपकृतीत छोटा मथळा आणि जिन्नसात साधा शब्द. नवीन माणूस "नाव म्हणजे १८ पॉइंट ठळक" असं लिहून मोकळा होतो आणि मग पानभर "दूध", "साजूक तूप" मथळ्यासारखे ओरडत बसतात. म्हणून तक्त्यात नुसता टॅग कधीच लिहू नका, पोट लिहाच.

"साहित्य", "टीप :" हे शब्द आणि पायऱ्यांचे आकडे मजकुरात टाइप केलेले नाहीत, तेही मुद्दाम. मधली एक पायरी काढली तर आकडे आपोआप सरकतात, आणि हिंदी आवृत्तीत एकाच जागी "सामग्री" लिहिलं की काम झालं. आकडे देवनागरी हवेत हेही इथेच सांगायचं. एक्सएसएलटीत आकड्याचा साचा "१" असा देवनागरीत दिला की पुढचे २, ३ येतात. सीएसएसमध्ये (वेबपानांचं दिसणं ठरवणारी भाषा) यादीच्या आकड्यांसाठी "देवनागरी" नावाचा प्रकार तयारच आहे.

जागांबद्दल एक सूचना. एका परिच्छेदाच्या खाली १२ आणि पुढच्याच्या वर १२ दिले, तर मधे किती? सीएसएस आणि एक्सएसएल-एफओमध्ये साधारणपणे दोन्हींतली मोठी धरली जाते, म्हणजे १२. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये बेरीज होते, म्हणजे २४. तक्ता तोच असून दोन सॉफ्टवेअरमध्ये पान वेगळं दिसतं ते यामुळे. मी जागा फक्त वरची देते, खालची शून्य. आणि मूळ ओळ १६ वर असेल तर मथळा आणि त्याची जागा मिळून १६ च्या पटीत ठेवते: वरच्या तक्त्यात २४ अधिक २४, म्हणजे ४८, तीन ओळी. पानाच्या दोन्ही बाजूंच्या ओळी समोरासमोर येतात. मथळा दोन ओळींचा झाला की हे बिघडतं, तेव्हा मी ते चालवून घेते.

देवनागरीचे नियम वेगळे लिहा

इंग्रजी पुस्तकांचे तयार नियम उचलून आपल्या मजकुरावर लावले की पहिल्याच पानाला कळतं. रोमन १० वर १२ छान दिसतं. देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-ऋकार असल्यामुळे तेवढ्यात ओळी एकमेकींना भिडतात. ११ ला १६ हा माझा आवडता हिशेब आहे. फॉन्टनुसार १५ ही चालेल.

तिरपा टाइप टाळा. रोमनमध्ये इटॅलिक ही वेगळी घडवलेली अक्षरं असतात. आपल्या बहुतेक फॉन्टांत ती नसतात, मग सॉफ्टवेअर सरळ अक्षरालाच ढकलून तिरपं करतं आणि अक्षर लंगडतं. जिथे इंग्रजी तक्ता इटॅलिक म्हणेल तिथे आपण ठळक, दुसरा फॉन्ट किंवा नुसतं अवतरणचिन्ह लावायचं. अक्षरांमधली जागाही वाढवायची नाही. वाढवली की शिरोरेघ तुटते. ओळ दोन्ही बाजूंनी सारखी करताना सॉफ्टवेअर चोरून हेच करतं, म्हणून जस्टिफिकेशनच्या सेटिंगमध्ये अक्षरांतली जागा कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही शून्य करा. शब्दांमधली वाढू द्या.

आता खास आमच्या इंदूरची अडचण. इथल्या सगळ्या मशीनवर कीबोर्ड आणि भाषा हिंदी. मराठी मजकूर टाइप होतो, पण त्यातला ल आणि श हिंदी वळणाचा निघतो, आणि पुण्याच्या पाहुण्याने पुस्तक हातात घेतलं की पहिलं बोट तिथेच जातं. चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं फाइलीत सांगितलं की फॉन्ट मराठी वळण काढतो. एक्सएमएलमध्ये त्यासाठी भाषेचं राखीव अ‍ॅट्रिब्यूट आहे. ते मुळाच्या टॅगवर एकदा दिलं की आत सगळीकडे लागू. तक्त्यात पहिलीच ओळ ही ठेवा: "भाषा मराठी असेल तर परिच्छेदाची भाषा मराठी". एक्सएमएलमध्ये लिहून भागत नाही, ती पुढे पानाच्या नियमापर्यंत पोचवावी लागते. पाच मिनिटांचं काम आहे, पण विसरतात.

दुसरी अडचण र ची. "आचार्यांना" म्हणजे शिक्षकांना आणि "आचाऱ्यांना" म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. पाककृतींच्या पुस्तकात हा फरक फार महागात पडतो. हिंदीच्या सवयीने टाइप करणारा साधा र, हलन्त आणि य देतो. त्याचा रफारच होणार. "ऱ्या" हवा असेल तर नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून र दाबला की हा ऱ मिळतो. ही चूक फॉन्ट बदलून किंवा नियम लिहून सुटत नाही, मजकुरातच सुधारावी लागते. "दुसर्या", "पुर्या", "करणार्या" अशा रफाराच्या चुकीच्या शब्दांची यादी करून फाइलीत शोधा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणा, मग टॅग लावा. उलट क्रमाने केलंत तर टॅगही भाजीत पडतील.

पाचवी पायरी : तक्त्याचे नियम करणे

रस्ते तीन आहेत. एक, एक्सएसएलटीने एक्सएसएल-एफओ करून ते फॉरमॅटरला, म्हणजे त्यातून पानं तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला, द्यायचं. फुकटातला अपाची एफओपी आहे (देवनागरीसारख्या लिप्या त्यात २०१२ च्या १.१ आवृत्तीपासून जुळायला लागल्या), विकतचा अँटेना हाउस. दोन, सीएसएसनेच छापील पानं करायची. प्रिन्स त्यातला नावाजलेला. तीन, इनडिझाइन. टेक्सचा चौथा रस्ताही आहे, झीटेक्स किंवा लुआटेक्सने देवनागरी छान जुळते, पण ज्याला तो रस्ता माहीत आहे त्याला हा लेख वाचायची गरज नाही.

इंदूरच्या बहुतेक छापखान्यांत इनडिझाइन असतं, म्हणून त्याच्या दोन गोष्टी. परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये जस्टिफिकेशनच्या पानावर "वर्ल्ड-रेडी" कंपोजर (ओळी जुळवणारा भाग) निवडा. साधा कंपोजर राहिला तर वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी पडतात. दुसरं म्हणजे "मॅप टॅग्ज टू स्टाइल्स" या खिडकीत एका टॅगला एकच स्टाइल लागते, पोट विचारत नाही. म्हणजे आपलं <नाव> तिथे अडकणार. उपाय हा की आयात करतानाच एक छोटी एक्सएसएलटी लावून कृती/नाव चं <कृतीनाव> आणि जिन्नस/नाव चं <जिन्नसनाव> करायचं. मूळ फाइलीला हात लावायचा नाही.

एक्सएसएलटी लिहिणार असाल तर दोन नियम एकाच टॅगवर भांडले की कोण जिंकतं हे ठाऊक हवं. नुसत्या नावाच्या नियमाला (नाव) वजन ०. पोटासकट लिहिलेल्याला (जिन्नस/नाव) ०.५. कुठल्याही एलिमेंटला लागणाऱ्या तारांकित नियमाला उणे ०.५. जास्त वजनाचा जिंकतो. इथपर्यंत सरळ. पण "कृती//नाव" (कृतीच्या आत कितीही खोल असलेलं नाव) यालाही ०.५ च, आणि ते जिन्नसातल्या नावालाही लागतं. वजन सारखं झालं की एक्सएसएलटी चालवणारे काही प्रोसेसर चूक दाखवतात, काही गुपचूप फाइलीत शेवटी लिहिलेला नियम लावतात. मग नियमांची जागा बदलली की पान बदलतं आणि माणूस दोन दिवस डोकं धरून बसतो. अशा वेळी वजन स्वतः लिहून द्या, किंवा पोट नेमकं सांगा.

आणि हे आजच करा: तारांकित नियम लिहून ठेवा, "ज्या टॅगला नियम नाही तो लाल रंगात, टॅगच्या नावासकट छाप". तो नसेल तर एक्सएसएलटी न ओळखलेल्या टॅगमधला मजकूर चुपचाप साध्या टाइपात पुढे सोडते. सीएसएसमध्येही तेच, अनोळखी टॅग ओळीतच वाहत जातो. दिसायला ठीक दिसतं, म्हणून प्रूफात निसटतं. लाल मात्र निसटत नाही. आमचा <पायर> खरं तर मोजदादीत नाही, इथेच सापडला होता. मोजताना माझ्या नजरेला तो <पायरी>च वाटला.

मोकळ्या जागांचं. वरच्या नमुन्यात <प्रमाण> आणि <नाव> चिकटून आहेत आणि मधली जागा नियम घालतो; तसं नसतं तर "२ चमचेसाजूक तूप" छापलं गेलं असतं. पण <पायरी>च्या आत उलटं आहे. तिथली जागा ही मजकुराचा भाग आहे. "<भर>मंद</भर> <भर>आचेवर</भर>" यांच्या मधे फक्त एक जागा आहे. रिकामी जागा झाडून टाकायची सूचना सगळ्या टॅगना दिली की ती जाते आणि "मंदआचेवर" होतं. झाडू फक्त पिशव्यांना लावा. एडिटरमधलं "फाइल सुंदर करा" हे बटणही अशा परिच्छेदांवर दाबू नका.

पानाच्या माथ्यावर कृतीचं नाव आणणं एक्सएसएल-एफओत मार्करने (मजकुरातलं नाव माथ्यावर न्यायची खूण) होतं. एका पानावर दोन कृती असतील तर पहिलीचं की शेवटचीचं, हे तक्त्यातच ठरवा. सूचीसाठी एकच लक्षात ठेवा: युनिकोडच्या क्रमात ळ हा ल आणि व यांच्या मधे येतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर. सूची मराठी क्रमाने लावून घ्यायला सांगावं लागतं.

सहावी पायरी : वाईटात वाईट पान

तपासायला चांगली कृती घेऊ नका. सगळ्यात वाईट कृती घ्या, नसेल तर तयार करा: तीन ओळींचं नाव, नावातच <भर>, एकच जिन्नस असलेलं साहित्य, चाळीस जिन्नस असलेलं साहित्य, रिकामी <टीप>, उपकृतीच्या शेवटी टीप आणि लगेच नवी कृती. या एका फाइलीत तक्त्यातली प्रत्येक ओळ एकदा तरी यायला हवी. चाळीस जिन्नसांनी मला शिकवलं की "साहित्य फुटू द्यायचं नाही" हा नियम लांब यादीला लावला की अख्खं अर्धं पान कोरं राहतं. मग तक्त्यात शेरा आला: पंधरापेक्षा जास्त जिन्नस असतील तर दोन कॉलम.

मजकूर गळला का, हे पीडीएफमधून कॉपी करून तपासू नका. देवनागरी पीडीएफमधून बाहेर येताना अक्षरांचा क्रम बऱ्याचदा विस्कटतो आणि नसलेल्या चुका दिसतात. मधल्या एफओ किंवा एचटीएमएल फाइलीतला मजकूर मूळ एक्सएमएलशी ताडून पाहा, आणि टॅगची मोजणी करा. कृती आत ११२ गेल्या तर बाहेर ११२ मथळे यायला हवेत.

प्रूफातल्या दुरुस्त्या मूळ फाइलीत करा. मजकुराची चूक असेल तर एक्सएमएलमध्ये, दिसण्याची असेल तर तक्त्यात आणि मग नियमात. एका छापखान्यात घाईच्या वेळी ऑपरेटरने तयार पानांवरच हाताने चाळीसेक दुरुस्त्या केल्या. नंतर एक कृती वाढली, पानं पुन्हा काढली, आणि त्या चाळीसच्या चाळीस चुका परत हजर. रागवायचं कुणावर? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ही पानं पुन्हा निघणार आहेत. आता मी प्रूफाच्या पहिल्या पानावरच लिहून देते.

हिंदी आवृत्ती

तक्त्याची प्रत काढली. बदल एवढेच: भाषेची ओळ, त्यामुळे ल-श आपोआप हिंदी वळणाचे, "साहित्य"चं "सामग्री", सूचीचा क्रम. बाकी सगळं तसंच. कृतींचा अनुवाद मंडळातल्याच दोघी करत आहेत.

आणि मग माझी चूक पुढे आली. मराठी पुस्तकात पोह्यांच्या कृतीशेजारी ठेलेवाल्यांची वाक्यं आहेत, "भिया, सेव थोड़ी ज्यादा डालना" अशी. त्यांना मी <हिंदी> हा टॅग दिला होता आणि तक्त्यात लिहिलं होतं: अवतरणात, दुसऱ्या फॉन्टमध्ये. (ल मात्र तिथेही मराठीच वळणाचा ठेवला. एकाच ओळीत दोन तऱ्हांचे ल वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटतात.) हिंदी आवृत्तीत सगळंच हिंदी, मग <हिंदी> कशाला म्हणायचं? ही वाक्यं वेगळी का होती? हिंदी होती म्हणून नव्हे, कुणीतरी बोललेलं आहे म्हणून. टॅग हवा होता <बोलणं>, आणि भाषा तिच्या राखीव अ‍ॅट्रिब्यूटमध्ये. सत्तेचाळीस ठिकाणी बदलला. तक्त्यात ओळ एकच बदलली.